थेट दुसरे वर्ष : बोईसरहून विद्यापीठाकडे जाणारी वाट कोणी अरुंद केली?

१/ बोईसर स्थानकातून पश्चिमेला निघालेला रस्ता तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून पुढे समुद्राकडे, अणुवीज केंद्राकडे जातो. या रस्त्याने सायकलवरून, रिक्षातून, कंपनीच्या बसमधून पहिल्या पाळीला जाणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांच्या घरी एक प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते : आयटीआयचे किंवा पदविकेचे. त्या प्रमाणपत्रावरून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत जाता येते काय? शासनाचे उत्तर ठरलेले आहे : ‘येते, थेट दुसऱ्या वर्षाला.’ हा धागा त्या ‘थेट’ या शब्दाविषयी आहे.

२/ अमेरिकेत यालाच ‘ट्रान्सफर’ म्हणतात. आधी दोन वर्षे गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, मग उरलेली दोन सार्वजनिक विद्यापीठात. आपल्याकडे हा शब्द गेल्या दशकात फार प्रेमाने उच्चारला गेला. योजना निघाल्या, मार्गदर्शिका निघाल्या, श्रेयांकांची पेढीही निघाली. शब्द आला, त्या शब्दामागे जो करार होता तो मात्र आला नाही. कोणता करार, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३/ १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठ शिकवणार नाही. ते परीक्षा घेईल, पदवी देईल आणि महाविद्यालयांना संलग्नता देईल. त्यामुळे आपल्याकडे ‘कॉलेजातून विद्यापीठात’ जाणे ही कल्पनाच उद्भवली नाही. पालघरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला नाव घातले की विद्यार्थी कागदोपत्री मुंबई विद्यापीठाचाच.

४/ या रचनेचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. जो संलग्न महाविद्यालयात आहे तो विद्यापीठाच्या आत. जो नाही तो पूर्णतः बाहेर. मधली पायरी कोणी बांधलीच नाही, कारण मधल्या माणसाची कल्पनाच केली गेली नव्हती. शेतावर, गिरणीत, कचेरीत काम करून शिकू पाहणारा माणूस विद्यापीठाच्या आराखड्यात कोठेच नव्हता.

५/ हे सर्वांत आधी ज्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले ते जोतीराव फुले. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या करातून वरच्या वर्गांचे शिक्षण चालते, हा त्यातला मुद्दा शालेय पुस्तकांतही येतो. त्याच निवेदनातला दुसरा मुद्दा मात्र जवळजवळ विस्मरणात गेला आहे.

६/ मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला खासगी रीतीने अभ्यास केलेल्यांना बसू देण्याचे मान्य केले, याबद्दल फुल्यांनी समाधान व्यक्त केले. आणि लगेच मागणी केली की हीच सवलत बी.ए., एम.ए. सारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी. कारण महाविद्यालयात प्रत्यक्ष हजर राहणे अनेकांना अनेक कारणांनी अशक्य असते. म्हणजे शिक्षण कोठे घेतले याला महत्त्व न देता काय शिकला ते तपासा, असा त्यांचा आग्रह होता. ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ हे आजच्या धोरणांतले भारदस्त पद या मागणीपुढे फारसे नवे वाटत नाही.

७/ विद्यापीठाने ते दार कधी किलकिले केले, कधी लावून घेतले. तंत्रशिक्षणाच्या बाबतीत तर निराळीच भिंत उभी राहिली. १९३६-३७ मध्ये ॲबट आणि वुड या दोन इंग्रज तज्ज्ञांनी हिंदुस्थानातील व्यवसायशिक्षणाविषयी अहवाल दिला. (हा वुड वेगळा, १८५४ चा खलिता चार्ल्स वुडचा. भारतीय शिक्षणाचे भवितव्य वुडांच्या हाती पुनःपुन्हा गेले हा योगायोग.)

८/ या अहवालाने मोठी समंजस वाटणारी शिफारस केली. सामान्य शिक्षण आणि व्यवसायशिक्षण हे मुळात वेगळे नसून एकाच प्रवासाचे आधीचे व नंतरचे टप्पे आहेत, असे त्यात म्हटले होते. पण संस्था मात्र वेगळ्या असाव्यात. सामान्य शिक्षणाच्या शाळा-महाविद्यालयांची जशी उतरंड आहे तशीच व्यवसायशिक्षणाची दुसरी, समांतर उतरंड असावी, असेही सांगितले. पहिले वाक्य ग्रंथालयात राहिले. दुसऱ्याची अंमलबजावणी झाली.

९/ स्वातंत्र्यानंतर ही समांतरता मंत्रालयांच्या वाटणीत पक्की झाली. दुसरे महायुद्ध संपताना सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने १९४५ मध्ये एक महासंचालनालय काढले होते. ते श्रम खात्याचे. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना त्याच खात्यातून निघाली, आणि तिच्यातून आजच्या आयटीआय. १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला, प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचेच राहिले.

१०/ तंत्रनिकेतने शिक्षण खात्याकडे, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या देखरेखीखाली. पदवी महाविद्यालये विद्यापीठाकडे. म्हणजे एकाच यंत्रावर काम करणारे तिघे जण, वायरमन, पर्यवेक्षक आणि अभियंता, तीन निरनिराळ्या कार्यालयांच्या शिक्क्यांनी घडले. या कार्यालयांनी एकमेकांच्या शिक्क्याची किंमत ठरवण्याचे काम पुढची कित्येक दशके टाळले. आयटीआय श्रम मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या त्याही २०१५ मध्ये. शिक्षण मंत्रालयाकडे त्या आजही नाहीत.

११/ हे सारे तारापूरला कसे येऊन भिडते ते पाहावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बोईसरभोवती रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. पुढे अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली; ते संच २००५-०६ मध्ये वीज देऊ लागले. खाडीकाठच्या, शेतीवाडीच्या प्रदेशात पाऊण शतकाच्या आत देशातील सर्वांत गुंतागुंतीची यंत्रे येऊन बसली.

१२/ त्या यंत्रांपाशी जायला तीन वाटा आहेत. अणुऊर्जा महामंडळाची भरतीची जाहिरात वाचली तरी पुरे. अभियांत्रिकीची पदवी असेल तर कार्यकारी प्रशिक्षणार्थी. पदविका किंवा बी.एस्सी. असेल तर विद्यावेतनावरील प्रशिक्षणार्थी, श्रेणी एक. आयटीआय किंवा बारावी विज्ञान असेल तर श्रेणी दोन. खासगी कारखान्यांत नावे वेगळी, पायऱ्या त्याच : ऑपरेटर, सुपरवायझर, इंजिनिअर.

१३/ पहिल्या दिवशी माणूस कोणत्या वाटेने आत आला यावर त्याचे पुढचे सारे वेतन, घर आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा बव्हंशी ठरून जातो. अनुभवाने थोडे वर सरकता येते. पण वीस वर्षे रिॲक्टरचा आवाज ओळखणारा ऑपरेटर आणि काल महाविद्यालयातून आलेला अभियंता यांच्यातले अंतर अनुभवाने भरून निघत नाही. ते भरून काढणारी एकच वस्तू कारखान्याला मान्य आहे, आणि ती विद्यापीठाच्या ताब्यात आहे.

१४/ ‘सगळ्यांनी पदवीच का घ्यावी? हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्या,’ हे वाक्य येथे हमखास ऐकू येते. वाक्य चांगले आहे. मात्र ते बोलणाऱ्यांची स्वतःची मुले फिटर ट्रेडच्या यादीत सहसा सापडत नाहीत. हाताच्या कामाची प्रतिष्ठा वेतनपत्रकात दिसू लागेल त्या दिवशी या वाक्याचा आदराने विचार करता येईल. तोवर ते दुसऱ्याच्या मुलाला जागेवर बसवण्याचे सभ्य साधन आहे.

१५/ आता कागदावरचा जिना. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय. तेथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी दोन वर्षे. तेथून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी तीन. एकूण सात. दहावी, बारावी, मग चार वर्षांची पदवी या रुळलेल्या वाटेला सहा लागतात. फरक अवघ्या एका वर्षाचा! एवढा सोपा जिना असताना तक्रार कसली?

१६/ तक्रार ‘थेट’ या शब्दातच आहे. थेट दुसरे वर्ष याचा अर्थ पहिले वर्ष गाळलेले. आणि गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांचा पाया घातला जातो तो नेमका पहिल्या वर्षात. आयटीआयचा मुलगा ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ शिकून येतो. पदविकेच्या पहिल्या वर्षाचे गणित त्याने पाहिलेले नसते. पुढे पदवीला गेल्यावर विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे गणितही त्याने पाहिलेले नसते. जिन्याच्या दोन्ही वळणांवर नेमकी पहिली पायरी काढून ठेवली आहे, आणि तिलाच ‘सवलत’ असे नाव दिले आहे.

१७/ तिसऱ्या सत्रात गणित-३ सुरू होते. फळ्यावर लाप्लास रूपांतर येते. वर्गातल्या इतरांनी वर्षभर बहुचल कलन आणि संकलन घोटलेले असते. पदविकेहून आलेल्याला वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये, मशीनवर कोणी हरवू शकत नाही. पण या एका विषयात तो मागे पडतो. त्यातून केंद्रीय प्रवेशफेऱ्या लांबतात, आणि बहुधा तो वर्गात पोचतो तेव्हा सत्र सुरू होऊन गेलेले असते. मग एटीकेटी. मग ‘डिप्लोमावाल्यांचे गणित कच्चे’ ही कुजबुज.

१८/ कच्चे असते हे खरे. प्रश्न असा की ते पक्के करून घेण्याची जबाबदारी कोणाची? आठ आठवड्यांचा सक्तीचा, श्रेयांकासहित पूरक वर्ग उन्हाळ्यात घेणे ही काही अणुभट्टी उभारण्याइतकी अवघड गोष्ट नाही. काही प्राध्यापक स्वतःच्या उत्साहाने असे वर्ग घेतातही. पण ती त्या त्या शिक्षकाची कृपा झाली. रचनेत तिला स्थान नाही, वेळापत्रकात नाही, अंदाजपत्रकात तर नाहीच.

१९/ यापेक्षा गंभीर बाब जागांची. तंत्रशिक्षण परिषदेच्या गेल्या काही वर्षांच्या नियमांनुसार थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर क्षमतेच्या १० टक्के अधिसंख्य जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्या. साठच्या वर्गात सहा जागा; बाकी जे उरेल ते.

२०/ याचा परिणाम काय होतो तो नीट समजून घ्यावा. ज्या महाविद्यालयात सर्वांना जायचे असते तेथे पहिल्या वर्षाची जागा रिकामी राहत नाही. म्हणून तेथे पदविकाधारकाला सहाच जागा. ज्या महाविद्यालयाकडे कोणी फिरकत नाही तेथे जागाच जागा. म्हणजे संस्था जितकी चांगली तितके मधले दार अरुंद, आणि जितकी दुबळी तितके ते सताड उघडे. गुणवत्तेच्या नावाने चालणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात उरलेल्या जागांची सोय लावते.

२१/ येथे अमेरिकेच्या त्या शब्दामागचा करार आठवावा. इलिनॉयमधील जॉलिएट येथे १९०१ मध्ये पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. (हा ‘ज्युनिअर कॉलेज’ शब्द महाराष्ट्रात आला आणि अकरावी-बारावीला चिकटला. शब्द आयात करून माल तेथेच ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे.) पण खरा करार झाला तो १९६० मध्ये, कॅलिफोर्नियात.

२२/ क्लार्क कर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या त्या ‘मास्टर प्लॅन’ने उच्च शिक्षणाचे तीन स्तर केले. वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालये, आणि इतर सर्वांना कम्युनिटी कॉलेज. हेही एक वर्गीकरणच. त्यावर टीका भरपूर झाली आणि ती योग्यही आहे.

२३/ पण त्या आराखड्यात एक कलम होते, ज्याचा उल्लेख आपल्या एकाही उत्साही भाषणात होत नाही. विद्यापीठांनी आपल्या पदवी विद्यार्थ्यांपैकी पहिल्या दोन वर्षांचे प्रमाण ४० टक्क्यांवर आणावे आणि वरच्या दोन वर्षांचे ६० टक्के ठेवावे, असे ते कलम. अर्थ स्पष्ट आहे : विद्यापीठाने पहिल्या वर्षाला मुद्दाम कमी मुले घ्यायची, जेणेकरून तिसऱ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्यांसाठी जागा मोकळी राहील. दार उघडे ठेवण्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकली होती.

२४/ तेथे सारे आलबेल आहे असे नाही. पदवीच्या इच्छेने कम्युनिटी कॉलेजात आलेले बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठापर्यंत पोचत नाहीत, हे तेथील संशोधकच सांगतात. जबाबदारी ठरवूनही गळती होते. मग जेथे ती ठरवलेलीच नाही तेथे काय होत असेल?

२५/ भारतात १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने कम्युनिटी कॉलेज सुरू केले. पुढे चेन्नईत व इतरत्र धर्मादाय संस्थांनी हा प्रयोग वंचित मुलांसाठी निष्ठेने चालवला. महाराष्ट्रात १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली शालेय प्रमाणपत्र नसलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीकडे येता येईल अशी वाट त्याने आखली. हे प्रयत्न खरे होते. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही.

२६/ नंतर बाराव्या योजनेच्या काळात केंद्राने कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. पदवीची. मार्गदर्शिकांत वर जाण्याच्या वाटेचे वर्णन सुरेख होते. पण बी.व्होक. ही इतर पदव्यांसारखीच पदवी आहे, तिला पात्र धरा, अशी पत्रे अनुदान आयोगाला लिहावी लागली. स्वतः मान्य केलेली पदवी मान्य करा म्हणून ज्या देशात नियामकाला विनवणी करावी लागते, तेथे पालघरच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राला विद्यापीठाच्या खिडकीत काय किंमत येईल, हे वेगळे सांगायला नको.

२७/ २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२१ ची श्रेयांक पेढी, २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. वर्षाला १२०० तास, ४० श्रेयांक. शाळा, आयटीआय, पदविका, पदवी सगळे एकाच मापात. शंभर वर्षांच्या समांतरतेला दिलेले हे पहिले सैद्धान्तिक उत्तर आहे, एवढे मान्य करायला हवे. ॲबट-वुड यांचे ग्रंथालयात राहिलेले पहिले वाक्य अखेर कोणीतरी उघडले.

२८/ पण पेढीत श्रेयांक जमा होणे आणि ते वटणे यांत अंतर आहे. जमा झालेले श्रेयांक स्वीकारून प्रवेश द्यायचा की नाही, कोणत्या विषयापोटी किती मोजायचे, जागा आहे की नाही, हे प्रवेश देणारी संस्था ठरवते. खातेदाराला पासबुक मिळाले. पैसे देण्याची सक्ती पेढीवर नाही. अशा पेढीला बाजारात काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

२९/ नवी दारे उघडल्याच्या घोषणा होत असताना एक जुने दार शांतपणे बंद झाले, त्याची कथा विशेष आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० मध्ये स्थापन झालेली संस्था. तिची ‘ए.एम.आय.ई.’ परीक्षा दोन विभागांची, अ आणि ब. महाविद्यालयात न जाता, नोकरी करत, पुस्तके मिळवून ती देता येत असे. दोन्ही विभाग उत्तीर्ण झालेला उमेदवार केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अभियांत्रिकी पदवीधराच्या बरोबरीचा मानला जाई.

३०/ परीक्षा कठीण. वर्षानुवर्षे विषय अडकून राहत. पण ती होती. तिसरी पाळी करून आलेला पदविकाधारक दुपारी झोप अर्धवट टाकून तिचा अभ्यास करू शकत होता, आणि उत्तीर्ण झाला तर त्याला कोणत्याही प्राचार्यांच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेली गोष्ट, अभियांत्रिकीपुरती, येथे प्रत्यक्ष नांदत होती.

३१/ डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने ही समकक्षता काढून घेण्याचे ठरवले. ३१ मे २०१३ पर्यंत कायम नोंदणी झालेल्यांपुरती ती राहिली. त्यानंतर नोंदणी करणाऱ्याला ती नाही. दर्जाची चिंता हे कारण असेल, तर परीक्षा सुधारता आली असती. प्रयोगशाळेची अट घालता आली असती. सरकारने दारच काढले.

३२/ त्या जागी काय आले? नोकरदारांसाठी सायंकाळच्या, सोयीच्या वेळेच्या पदवी वर्गांना तंत्रशिक्षण परिषदेने व्यापक परवानगी दिली ती २०२३ मध्ये. मधली दहा वर्षे एका पिढीच्या ऐन उमेदीची वर्षे होती. ज्यांना खासगी संस्थांचे शुल्क परवडले ते तरले. आणि परवानगी म्हणजे वर्ग नव्हे. वर्ग काढायचा की नाही हे पुन्हा संस्थेच्या मर्जीवर आणि तिच्या नफ्यातोट्यावर.

३३/ आता पालघरची स्थिती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३७ टक्के लोकसंख्या आदिवासी. तालुक्यांच्या गावी शासकीय आयटीआय आहेत. विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदवी अभियांत्रिकीची महाविद्यालये वसई-विरारकडे, पालघर-बोईसरकडे आहेत, ती खासगी. शासकीय पदवी अभियांत्रिकी महाविद्यालय जिल्ह्यात नाही. जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या शासनाच्या, आणि वरची बाजाराची.

३४/ शिष्यवृत्ती आहे, शुल्कप्रतिपूर्ती आहे, हे खरे. पण ती केंद्रीय प्रवेशफेरीतून गेलेल्याला, आणि राखीव जागेवर जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र हाती असलेल्याला. मोखाड्याच्या वारली मुलाने आयटीआयसाठी कधी न लागलेली जुनी कागदपत्रे पदवीच्या प्रवेशाच्या ऐन आठवड्यात कोठून आणायची? आजोबांचा शाळेचा दाखला मागितला जातो. आजोबा ज्या काळात शाळेच्या वयाचे होते त्या काळात तेथे शाळा होती काय, हे खिडकीतला माणूस विचारत नाही.

३५/ मुंबई जवळच आहे, असाही युक्तिवाद होतो. १९३३ मध्ये स्थापन झालेली रसायन अभियांत्रिकीची विख्यात संस्था माटुंग्याला. पूर्वीचा तो मुंबई विद्यापीठाचाच विभाग. व्हीजेटीआयही माटुंग्याला. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली ती एप्रिल २०१३ मध्ये, आणि आजही विरारपलीकडे गाड्यांची संख्या एकदम रोडावते. बोईसर ते माटुंगा रोज जाऊन येऊन अभियांत्रिकी शिकणे म्हणजे एक पाळी रेल्वेत करणे. पाळी करणाऱ्याला ती दुसरी पाळी झेपत नाही.

३६/ आणि गंमत अशी की रसायन कारखान्यांची सारी प्रयोगशाळा बोईसरला आहे. ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा आयटीआयचा ट्रेड शिकलेला मुलगा रोज जो रिॲक्टर, जे डिस्टिलेशन, जो दाब आणि तापमान हाताळतो, त्याच गोष्टी विद्यापीठातला विद्यार्थी समीकरणांत पाहतो. एकाला समीकरण मिळायला हवे, दुसऱ्याला व्हॉल्व्ह. दोघांना एकत्र आणण्याइतके सुज्ञपण कोणत्याच कार्यालयाच्या कार्यकक्षेत बसलेले नाही.

३७/ याच जिल्ह्याने उलटे उदाहरणही पाहिले आहे. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडकांसोबत बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या अनुताई वाघ बालवयात विधवा झाल्या, प्राथमिक शिक्षिका झाल्या, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि बी.ए. झाल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर. आदिवासी मुलांच्या दारात, कुरणात, अंगणात शाळा नेणाऱ्या बाईंना स्वतःची पदवी मिळवायला आयुष्याची अर्धी वाट लागली. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करणारे पुष्कळ. इतकी चिकाटी लागावीच का, हे विचारणारे थोडे.

३८/ आता वाढवण. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला बंदराचे भूमिपूजन झाले. खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो वाद स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पण बंदराच्या नावाने स्थानिकांसाठी कौशल्यवर्गांच्या घोषणा सुरू झाल्या आहेत. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्याच्या प्रमाणपत्राला पुढच्या पदविकेत किती श्रेयांक मोजले जातील, आणि ते मोजण्याची सक्ती कोणावर असेल? हे आज लेखी ठरले नाही, तर तारापूरची तीन दारे वाढवणला जशीच्या तशी उभी राहतील.

३९/ पदवी घेतली की नोकरी मिळते, असा भ्रम येथे कोणाचाच नाही. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहतात आणि पदवीधर बेकारही हिंडतात. पण पदवी निरुपयोगी ठरवण्याचा हक्क ज्याला ती मिळवता आली त्याचा. ज्याला दारातच अडवले त्याला आतल्या घराचे दोष सांगू नयेत.

४०/ मागण्या नव्या नाहीत आणि अशक्यही नाहीत. प्रत्येक सार्वजनिक आणि अनुदानित अभियांत्रिकी संस्थेने दुसऱ्या वर्षाच्या जागांचा ठरावीक मोठा हिस्सा पदविकाधारकांसाठी आधीच राखून ठेवावा. पहिले वर्ष किती भरले याच्याशी त्याचा संबंध नसावा. थेट प्रवेश सत्र सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावा. गणिताचा पूरक वर्ग अभ्यासक्रमाचा भाग व्हावा, दोन्ही वळणांवर : आयटीआय ते पदविका आणि पदविका ते पदवी. ए.एम.आय.ई. सारखी नोकरी करून देता येणारी सार्वजनिक परीक्षा, हवी तेवढी कडक करून, पुन्हा सुरू व्हावी.

४१/ आणि बोईसरला, पाळ्यांच्या वेळा पाहून चालणारे, सार्वजनिक विद्यापीठाचे पदवी वर्ग. मुंबई विद्यापीठाने ठाण्यात उपकेंद्र काढले ते २०१४ मध्ये, पालघर वेगळा झाला त्याच वर्षी. बाळकुमच्या त्या उपकेंद्रापासून बोईसरचे कारखाने घोडबंदर, वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या पलीकडे आहेत. पहिली पाळी दुपारी सुटते. संध्याकाळी सहाला वर्ग भरवायला औद्योगिक वसाहतीत जागा आहे, वीज तर शेजारीच तयार होते, आणि विद्यार्थी गेटबाहेर रिक्षाची वाट पाहत उभे आहेत.